खडकाळीच्या छावणीस लांडग्यांनी वेढा दिला त्याची हकीकत

श्री योगेश्वरी प्रसन्न.

शालिवाहन शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी बीड प्रांती, बालाघाटाच्या उतरणीस, धारूरच्या किल्ल्याचे बुरूज जेथून धुरकट दिसतात त्या मौजे खडकाळी येथे जे रण जाहले, त्याचे वर्तमान वडीलधाऱ्यांनी वारंवार पुसले, आणि तरण्यांनी दर वेळी भलतेच सांगितले, सबब सेवक बखरनवीसाने जे जैसे घडले ते तैसे लेखनास आणिले. सेवक रणप्रसंगी सर्वांआधी बाभळीवर चढला होता, आणि बाभळीवरून चहूकडील मैदान साफ दिसत होते, याकरिता या हकीकतीवर पूर्ण इतबार ठेवावा. काटे किती मोडले ते येथे लिहीत नाही. पळणाऱ्यांत ज्यांची नावे येतील त्यांनी राग धरून सेवकास पारावर अडवू नये, कारण त्यांत पहिले नाव सेवकाचेच आहे.

मग ऐसे जाहले जे, त्याच्या आदल्या साली पावसाने मुलुखाशी उघड फितुरी केली, आणि विहिरी तळाला गेल्या, आणि बोअर धूळ ओकू लागले, आणि कडब्याची पेंढी दृष्टीस पडेना, तेव्हा सरकारांतून हुकूम सुटला की जागोजाग गुरांच्या छावण्या मांडाव्या. तो हुकूम कानी पडताच खडकाळी दूध उत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन, राजमान्य राजश्री आसारामराव, यांनी कचेरीचे उंबरे झिजवून छावणीची सनद आणिली, आणि गावाबाहेर माळावर पाचटाचे मांडव घालून सभासदांची गुरे दावणीस बांधली. संस्थेत दूध नावापुरते राहिले होते, परंतु चेअरमन होते, व्हाईस चेअरमन होते, आणि श्रावणात निवडणूक होती, सबब कारभार जोरात चालला होता.

आसारामराव स्वभावे उदार, बोलण्यात गोड आणि पळण्यात मध्यम. त्यांस शौक एकच, जे डोईस फेटा असावा आणि पुढे हलगी वाजत असावी. मुंजाजी हलगीवाला नुसता वाटेने जाताना दिसला तरी रावांची पावले तालावर पडत. परंतु दुष्काळात लग्ने नाहीत, जत्रा नाही, आणि हलगी खुंटीवर, ऐसा बिकट काळ प्राप्त जाहला, तेव्हा रावांस एक मसलत सुचली. छावणीत आधीच थकून आलेली गुरे मरत होती. रावांनी फर्मान काढिले जे, सभासदाचे जनावर मेले तर ते पायाला दोर लावून ओढू नये, त्यास हार घालावा, ट्रॉलीत निजवावे, पुढे हलगी लावावी, आणि खासा चेअरमनांनी जातीने पुढे चालून माळापल्याडच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीपावेतो त्याची मानाची पाठवणी करावी.

पहिली पाठवणी तुळजाबाईंच्या म्हाताऱ्या बैलाची जाहली. तुळजाबाई एकट्या बाईमाणूस, बैलाच्या जोडीवर आणि तोंडाच्या जोरावर संसार राखलेल्या. त्या हलगी ऐकून ढसाढसा रडल्या आणि रावांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “आसारामा, माझा नवरा गेला तवा बी एवढी माणसं नव्हती रं.” ते ऐकून रावांची छाती फुगली, सभासद खूश जाहले, आणि व्हाईस चेअरमन शहादेवराव, जे श्रावणावर डोळा ठेवून होते, ते मनातल्या मनात जळाले. जनावर खाणीत ठेवल्यावर त्यावर माती लोटावी हे सर्वांस मान्य होते, परंतु माती लोटण्याचा खर्च कोणत्या सदरात घालावा यावर एकमत होईना, सबब तो विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलिला, आणि आयती वेळ काही आली नाही. ऐशा कित्येक पाठवण्या जाहल्या.

मग वैशाखात गनीम प्रकट जाहला. आधी खाणीच्या कडेला, दिवस मावळताना, लांब पायांचे, मातकट रंगाचे लांडगे उभे दिसले. मग ते माळावर आले. मग भरदुपारी छावणीत आले. लांडगा या मुलुखास नवा नव्हे, परंतु वाडवडिलांचा अनुभव ऐसा जे माणूस दिसला की लांडगा पळतो. हे लांडगे माणूस दिसला की बसत. हाड म्हटले तर मान वळवून बघत. तुळजाबाईंनी पायातली चप्पल नेम धरून मारिली, तर त्यांच्यातल्या थोरल्याने ती हुंगून पाहिली आणि नापसंत करून तिथेच ठेविली. त्या थोरल्याचा कान फाटका होता, सबब छावणीत त्याचे नाव कानफाट्या सरदार ऐसे पडले. इतके असून त्यांनी एक शेळीही नेली नाही, आणि याचाच लोकांनी जास्त धसका घेतला, कारण शेळी नको तर मग काय पाहिजे, हा विचार ज्याच्या त्याच्या मनात येऊन जो तो आपल्या पोटऱ्यांकडे बघू लागला.

आता छावणीची सगळी भिस्त पाण्यावर, आणि पाणी अंबाजोगाईकडून हैदर टँकरवाला आणीत असे, आणि टँकर रिता करण्यास एक सिमेंटचा हौद होता. हौदाच्या गळतीने तिथली जमीन ओली आणि गार राहत असे. कानफाट्या सरदाराने मुलुखाची पाहणी करून नेमके तेच मोक्याचे ठाणे घेतले आणि हौदास पाठ लावून झोप घेऊ लागला. हैदर टँकर घेऊन आला, त्याने काच वर केली, आणि काचेच्या फटीतून जाब दिला, “चेअरमनसाब, पाणी रोज आणतो. पर खाली उतरून कॉक म्या उघडणार न्हाई. त्याच्या शेजारी हौद हाय का हौदाशेजारी त्यो हाय, ते आधी ठरवा.” ऐसे म्हणून टँकर भरलेला आला तैसा भरलेला परतला आणि पुढच्या गावी रिता जाहला.

दुसरे दिवशीही तेच. हौदात तळाला हिरवी चिखलपाटी उरली. गुरे दाव्याला ओढ देऊन हंबरू लागली आणि पुढे पुढे हंबरायचीही थांबली. शहादेवराव दावणीदावणीने हिंडून सांगू लागले जे, घाटापल्याडच्या छावणीत पाणी मुबलक आहे, सांजेला हौद भरला नाही तर दावी सोडा. आसारामराव हिशोब समजत होते. गुरे गेली की छावणी गेली, छावणी गेली की खुर्ची गेली. परंतु ते दावणीने फिरत असता एका म्हशीच्या नाकपुडीस त्यांचा हात लागला, आणि ती चुलीजवळच्या खापरासारखी कोरडी लागली, आणि त्यांच्या ध्यानी आले की या जनावरांनी एवढ्या उन्हात घाट चढायचा म्हटले तर निम्मी वाटेतच बसतील आणि उठणार नाहीत. तेव्हा रावांनी सभेचा सांगावा धाडिला. या खेपेस तो खुर्चीसाठी नव्हता, हे सेवक शपथेवर लिहितो.

मग तातडीची सभा भरली. लांडगा मारणे सरकारी कायद्याने मना, सबब बंदूक नको, विष नको, तर वाजतगाजत चाल करून त्यास भिववून लावावे, ऐसी मसलत ठरली. परंतु संस्थेची रीत ऐसी जे, सूचक आणि अनुमोदक यांवाचून काडीही हलत नाही, आणि कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले की सूचकाने बिनीला चालावे आणि अनुमोदकाने त्याच्या पाठीशी. ते ऐकताच संस्थेच्या स्थापनेपासून प्रथमच सभेत शांतता पसरली. रावांनी अध्यक्षास ठराव मांडता येत नाही हा संकेत मोठ्या दुःखाने सांगितला. शेवटी तुळजाबाई उठल्या आणि बोलल्या, “घाला माझं नाव. म्या लई वाळलेय, मला खाऊन त्याचं कायबी भागायचं न्हाई.” अनुमोदनास कोणी मिळेना, इतक्यात शहादेवरावांनी नाकावरची माशी हाकलण्यास हात वर केला, आणि रावांनी तो हात तत्परतेने मोजिला. ठराव सर्वानुमते मंजूर जाहला. माशीचा हात खाली आला तेव्हा शहादेवरावांचा चेहरा पाहण्याजोगा होता.

मग ऊन चढता फौजेने कूच केले. बिनीस मुंजाजी, गळ्यात तापवून ताणलेली हलगी. त्यामागे सूचक तुळजाबाई, हाती नांगराचे रुमणे. त्यामागे अनुमोदक शहादेवराव, जे दर दहा पावलांना चपलेतला खडा काढीत मागे मागे सरत होते. मध्यभागी खासे आसारामराव, डोईस गुलाबी फेटा, चेहऱ्यावर मोहिमेचे तेज आणि पाठीवर घाम. उजव्या-डाव्या बाजूस दुधाच्या कॅनची झाकणे बडविणारे वीर. चंदावलीस, म्हणजे पार पिछाडीस, हैदरचा टँकर, इंजिन चालू आणि तोंड परतीच्या वाटेकडे. सेवक फौजेसोबत होताच, परंतु त्याने वाटेवरच्या बाभळीवरून नजर हलविली नव्हती.

हौद नजरेच्या टप्प्यात येताच रावांनी हात उंचावून इशारत केली आणि मुंजाजीने हलगीवर पहिला घाव घातिला. त्यासरशी कानफाट्याने डोके उचलिले. फाटका कान ताठ उभा राहिला. तो उठला, अंग झाडिले, आणि धावत सुटला. फौजेत एकच हर्ष जाहला, “भ्याला! पळाला!” पळाला हे खरे, परंतु तो आपल्या दिशेने पळत आहे हे ध्यानी येण्यास वीरांस थोडा अवकाश लागला. रावांनी फर्मान सोडिले की हलगी वाढवा. मुंजाजीने हलगी वाढविली, तर खाणीच्या कडेवरून लांडगी उतरली. रावांनी पुन्हा फर्मान सोडिले की आणखी वाढवा. तेव्हा लांडगीमागून दोन पिल्ले आली, आणि ती तर चक्क उड्या मारीत आली, आणि त्यामागून आणखी दोन मोठे आले. जों जों हलगी चढे तों तों गनीम वाढे, आणि त्यांच्यातल्या कोणाच्याही तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. उलट शेपट्या हलत होत्या.

मग फौजेचा धीर सुटला. झाकणे जागच्या जागी पडली. शहादेवराव रिकाम्या गव्हाणीत आडवे जाहले आणि त्यांनी वरून पाचट ओढून घेतले. सेवकाचे वर्तमान पूर्वीच सांगितले आहे. आसारामराव टँकरकडे धावले, वाटेत फेट्याचा शेव बोरीच्या काट्यात गुंतला, आणि राव पुढे व फेटा मागे ऐसा उलगडत जाऊन, टँकरच्या शिडीवर चढेपावेतो त्यांच्या डोईवर एक वेढाही उरला नाही. तुळजाबाई तेवढ्या जागेवरून हलल्या नाहीत. गुडघे धरले होते म्हणून पळाले नाही, ऐसे त्या स्वतःच सांगतात. आणि मुंजाजी मैदानात एकटा उभा राहून वाजवीत राहिला, कारण थांबलो तर फाडतील ऐसे त्यास वाटत होते.

लांडगे मुंजाजीपुढे येऊन अर्धगोल करून बसले. राव टँकरच्या माथ्यावर पालथे पडून बघत होते. तेव्हा त्यांच्या नजरेस एक गोष्ट आली. लांडगे मुंजाजीकडे बघतच नव्हते. त्याच्या पलीकडे, छावणीतून येणाऱ्या वाटेकडे बघत होते. लग्नात पंगत बसावी आणि वाढपी दिसू नये, म्हणजे पाहुणे जैसे मुदपाकाच्या दाराकडे बघतात, तैसे ते टक लावून बघत होते. ते बघणे रावांच्या ओळखीचे होते. आणि एकाएकी त्यांस उमगले की हलगीमागून ट्रॉली येते, आणि ट्रॉलीतून उघड्या खाणीत पान वाढले जाते, हे लांडग्यांनी पक्के ध्यानात ठेविले आहे. पंगतीचे आवतण कोणी दिले, तर आपण दिले, तेही फेटा बांधून, जातीने पुढे चालून. रावांस टँकरचा तापलेला पत्रा पोटाला भाजत होता, परंतु लाज त्याहून जास्त भाजू लागली.

इतक्यात तुळजाबाईंनीही खालून तेच ओळखिले आणि मोठ्याने बोलूनही दाखविले, “आरं, ह्ये तर आपल्या मयतीचे पाहुणे हायती!” ते ऐकून गव्हाणीतून शहादेवरावांचा आवाज आला, “मुंजाजी, थांबू नको बे! वाजवत वाजवत घाटापल्याडच्या छावणीकडं चल! समदे तुझ्यामागं येतील, पीडा जाईल!” त्यावर मांडवांमागून, ट्रॉलीखालून आणि बाभळीवरूनही “मंजूर, मंजूर” ऐसा गजर उठला. रावांचे मन क्षणभर डळमळले. लांडगे जातील आणि पल्याडची छावणी मोडेल, ऐसी फत्ते कोणत्या चेअरमनास नको असते? परंतु शहादेवराव काही म्हणोत, तिथेही गुरे तहानलेलीच होती, तिथेही हौद एकच होता. आणि केबिनमधून हैदर ओरडला, “शहादेवभाऊ, तिथला टँकर बी माझाच हाय! तिथं बी म्या उतरणार न्हाई!”

तेव्हा आसारामराव शिडीवरून खाली उतरले. कोणी सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता. उघड्या डोईने ते मुंजाजीपाशी चालत गेले आणि त्यांनी हलगीवर हाताचा पंजा दाबून धरिला. मुंजाजी रडकुंडीला येऊन म्हणाला, “राव, सोडा. वाजायची थांबली तर मला खातील.” राव हळू बोलले, “तुला न्हाई खात, मुंजाजी. ते जेवायला आलेत. त्यायला म्याच बोलवलंय.”

हलगी थांबली. लांडगे बसून राहिले. आता कोणी आवाज करू नये, एवढेच युद्ध उरले, आणि सहकारी संस्थेच्या माणसांस याहून अवघड युद्ध दुसरे नाही. गव्हाणीतल्या पाचटाची सळसळ होऊन शहादेवराव “या प्रसंगी मी” इतके बोलले, तोच तुळजाबाईंनी रुमणे उगारून “गप रं” म्हटले आणि ते भाषण तिथेच बुडाले. राव कानफाट्यापासून चार हातांवर उभे होते. इतक्या जवळून त्यांना त्याच्या बरगड्या दिसल्या, आणि त्याही आपल्या गुरांसारख्याच वर आलेल्या दिसल्या, आणि त्यांना त्याची दया आली, आणि भीतीही काही कमी जाहली नाही. बराच वेळ गेला. वाट रिकामी ती रिकामीच. मग कानफाट्याने मोठी जांभई दिली, मागल्या पायाने मान खाजविली, रावांकडे एकवार नाराजीने पाहिले, आणि उठून खाणीकडे चालू लागला. मागून लांडगी आणि ते दोन मोठेही गेले. पिल्ले दोनदा मागे वळली आणि मग तीही गेली.

हैदर उतरला आणि त्याने कॉक उघडला. हौदात पाणी कोसळू लागले आणि दावणीवरची गुरे त्या आवाजाने उभी राहिली. ती पाण्यात तोंड घालून ज्या घोटांनी पिऊ लागली ते ऐकून आसारामराव हौदाच्या कट्ट्यावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. लपलेले वीर एकेक करून प्रकट जाहले, आणि फत्ते जाहली तर वाजले पाहिजे या सवयीने कोणीतरी ओरडला, “वाजव बे मुंजा!” मुंजाजीचा हात सवयीनेच वर गेला. त्यासरशी जी फौज लांडग्यांवर पडली नव्हती ती सगळी मुंजाजीवर पडली आणि हलगी हिसकून घेतली. मग विजयाच्या घोषणा जाहल्या, परंतु त्या एकमेकांच्या कानात जाहल्या.

त्याच सांजेला रावांनी फर्मान काढिले जे, आजपासून खडकाळीत हलगी बंद, आणि मेलेले जनावर पुरुषभर खोल खड्ड्यात पुरावे, आणि उघड्या खाणीत माती लोटावी. खर्चाचे सदर कोणी पुसण्याआधी खासे राव कुदळ घेऊन खाणीत उतरले. मुंजाजीस हौदाची किल्लेदारी दिली, म्हणजे बसून पगार आणि तहानलेल्या जनावराला पाणी. लांडगे पुढे काही दिवस येऊन वाट बघून गेले, मग येईनासे जाहले आणि डोंगराच्या अंगाला आपल्या जुन्या कसबाला लागले.

परंतु सभासद नाराज जाहले. आमच्या जनावराला मान का नाही, ज्यांची आधी मेली त्यांची वाजत गेली आणि आमची काय मुक्यानेच जायची, ऐसी कुरबुर वाढली. तुळजाबाईंनी पुष्कळांची तोंडे बंद केली, सगळ्यांची होईनात. शहादेवरावांनी ओळखले आणि श्रावणात शब्द दिला जे, मला निवडून द्या, हलगी परत आणतो. ते चांगल्या मतांनी निवडून आले. आसारामराव पडले. ज्यांची गुरे त्या हौदावर जगली त्यांनीच पाडले, आणि पाडून त्यांच्याच ओट्यावर चहाला येऊन बसले, कारण गावात वैर फार दिवस परवडत नाही.

मग श्रावण अमावास्येस पोळा आला. तोवर थोडका पाऊस जाहला होता, छावणी उठली होती, बैल आपापल्या गोठ्यांत गेले होते. शिंगे रंगवून, झुली घालून बैल वेशीपाशी उभे राहिले आणि नवे चेअरमन शहादेवराव फेटा बांधून पुढे झाले. त्यांनी मुंजाजीस हुकूम केला की वाजव. मुंजाजीने हलगी गळ्यात अडकविली, हात उचलिला आणि थांबला. त्याने डोंगराकडे पाहिले. मग सगळ्या गावाने डोंगराकडे पाहिले. शहादेवरावांनीही डोंगराकडे पाहिले, मग स्वतःच्या पोटऱ्यांकडे पाहिले, आणि घसा साफ करून म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

ऐसा खडकाळीत मुका पोळा निघाला. आसारामराव उघड्या डोईने, आपली जोडी धरून, पार शेवटी चालत होते. आजवर ते हलगीच्या इतके जवळ चालले होते की पोळ्यात दुसरे काही ऐकू येते हे त्यांस ठाऊकच नव्हते. आज त्यांना खुरांचा आवाज आला. शंभरावर खुरे मातीत पडत होती, घुंगरे वाजत होती, बैल फुरफुरत होते, आणि तुळजाबाईंचा उरलेला एकुलता बैल चिखल बघून वाटेत अडून बसला होता, आणि त्या त्याला शिव्या देत होत्या. राव थांबून ऐकत राहिले. त्यांच्या घरच्या छबुबाई आरतीचे ताट घेऊन शेजारी आल्या आणि म्हणाल्या, “कावून थांबलात? हलगी न्हाई म्हणून वाईट वाटतंय व्हय?” राव म्हणाले, “न्हाई गं. वाजतंय की.”

येणेप्रमाणे मौजे खडकाळी येथील छावणीचा वेढा उठोन, वैशाखाच्या त्या दिवसानंतर एकही जनावर तहानेने न मरता, फत्ते जाहली, ती चेअरमनकी गमावलेल्या आसारामरावांच्या नावे, सूचक तुळजाबाई, अनुमोदक एक माशी, या दाखल्याने कायमची नोंद असे.